दुधाच्या कॅनमधला थर आणि जंतूंचे धागे

पावसाळी अंकात मी पाण्याच्या हौदातल्या बुळबुळीत थरावर लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं : काही जंतू अंगाबाहेर प्रथिनाचे धागे तयार करतात, आणि त्या धाग्यांची घडण अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूत साचणाऱ्या धाग्यांसारखीच असते. बाकी लेखापेक्षा त्या एका वाक्यावरच जास्त पत्रं आली. खानापूर, निपाणी, गोकाक, चिकोडी, आपलं बेळगाव शहर, सगळीकडून. मी आधी दूध तपासणीच्या प्रयोगशाळेत आणि नंतर कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात आयुष्य काढलं, त्यामुळे हा विषय मला फार जवळचा आहे. काही पत्रांना इथे उत्तरं देते. पत्रं थोडी कमी केली आहेत, नावं छापलेली नाहीत.

जांबोटी भागातले एक दूधउत्पादक लिहितात : बाई, आमच्याकडं म्हशी आहेत. सकाळचं दूध संघाच्या गाडीला घालतोय. कॅन रोज पावडर लावून कढत पाण्यानं धुतोय, तरी पावसाळ्यात चार दिवस झाले की गळ्याशी आणि झाकणाच्या रिंगेखाली हात लावला की बुळबुळीत लागतंय. पुतणी बी.एस्सी.ला आहे, ती म्हणते जंतू धागे विणतात. जंतूला हात नाहीत, माग नाही, मग विणतंय कोण? आणि साबणानं ते जात का नाही?

काका, पुतणीचं बरोबर आहे आणि तुमची शंकाही बरोबर आहे. तो थर म्हणजे जंतूंची वस्ती. त्यात जंतू असतात, त्यांनी सोडलेली चिकट साखर असते, दुधातला क्षार असतो आणि प्रथिनाचे धागे असतात. शेणातून, कासेवरून, हौदाच्या पाण्यातून जे जंतू कॅनमध्ये येतात त्यांत ई. कोलाय हमखास असतो. त्याच्या अंगावर जे कुरळे धागे उगवतात त्यांना कर्ली म्हणतात. 1989 मध्ये स्वीडनमधल्या स्टाफान नॉर्मार्क यांच्या गटानं ते पहिल्यांदा वर्णन केले. धाग्याची जाडी चार ते सात नॅनोमीटर. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे दहा हजार धागे शेजारीशेजारी मावतील. साध्या सूक्ष्मदर्शकातून ते दिसत नाहीत, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो.

विणणारं कोणी नाही. जंतू एक छोटं प्रथिन तयार करून बाहेर सोडतो. त्याचं नाव सीएसजीए. 131 अमिनो आम्लांची ही साखळी बाहेर येते तेव्हा सैल, बिनआकाराची असते. तिच्यात जवळजवळ सारखाच मजकूर पाच वेळा आलेला असतो. ही सैल साखळी आधीच तयार असलेल्या धाग्याच्या टोकाला भेटली की त्या टोकावर आडवी बसते, हायड्रोजन बंधांनी घट्ट धरली जाते आणि बसता बसता तिला आकार येतो. मग तिची मोकळी कड पुढच्या साखळीची बैठक होते. असं एकावर एक. साखळीच्या आडव्या बसलेल्या दोन पट्ट्यांमधलं अंतर अर्ध्या नॅनोमीटरच्याही जरा आत, आणि पट्ट्या धाग्याच्या लांबीला काटकोनात. या रचनेला अमायलॉइड म्हणतात. कर्लीची रचना अशी आहे हे 2002 मध्ये अमेरिकेत मॅथ्यू चॅपमन आणि स्कॉट हल्टग्रेन यांच्या गटानं दाखवलं. मला यातली एक गोष्ट विलक्षण वाटते. पेशीच्या आत बहुतेक कामांना इंधन खर्ची पडतं, पण पेशीच्या बाहेर इंधनच नसतं. हे सगळं बांधकाम इंधनाशिवाय होतं, साखळीच्या स्वतःच्या गुणानं.

आता साबणाचं. साबण किंवा धुण्याची पावडर चरबी सोडवते आणि पुष्कळशी प्रथिनं उलगडते. पण कर्लीचे धागे एसडीएस नावाच्या कडक डिटर्जंटमध्ये उकळले तरी सुटत नाहीत. प्रयोगशाळेत त्यांना सोडवायला तीव्र फॉर्मिक आम्ल लागतं. तुमच्या कढत पाण्यानं जंतू मरतो, धागा मात्र पत्र्याला चिकटून राहतो, आणि संध्याकाळी आलेला नवा जंतू त्यावर ठाण मांडतो. म्हणून इथे पावडरीपेक्षा ब्रश महत्त्वाचा. धागा विरघळवायचा नाही, घासून उपटायचा.

मी दूध तपासत होते तेव्हा दुधात मेथिलीन ब्लू घालून निळा रंग किती वेळ टिकतो ते बघायची पद्धत होती. जंतू जितके जास्त, तितका रंग लवकर उडतो. जुलै-ऑगस्टमध्ये ज्या गावांच्या दुधाचा रंग झटकन उडायचा, त्यांच्या कॅनच्या झाकणाची रबरी रिंग मी काढून खालची खाच बोटानं चाचपायची. थर नेमका तिथेच सापडायचा. तेव्हा तुम्ही असं करा. दूध ओतलं की लगेच गार किंवा कोमट पाण्यानं खळबळा, पहिल्यांदाच कढत पाणी घालू नका, त्यानं दुधातलं प्रथिन पत्र्यावर शिजून बसतं. मग गरम पाणी, सोडा आणि लांब दांड्याचा ब्रश, गळ्याशी आणि रिंगेच्या खाचेत जोर लावून. रिंग काढून वेगळी घासा, तडकली असेल तर बदला. आठवड्यातून एकदा डेअरीच्या कॅनसाठी मिळणारं आम्लाचं द्रावण वापरा, त्यानं पांढरा क्षार निघतो. क्षाराच्या खरबरीत पृष्ठभागावर धाग्यांना पकड मिळते. सोडा आणि आम्ल एकत्र कधी करू नका. शेवटी कढत पाणी, आणि कॅन पालथा टांगून पूर्ण कोरडा.

पावसाळ्यातच का, हे तुम्ही विचारलं नाही, पण सांगते. ई. कोलायचे पुष्कळसे वाण 37 अंशांना, म्हणजे अंगाच्या उबेला, कर्ली फारसे करत नाहीत. तीस अंशांच्या खाली, मीठ कमी आणि अन्न तुटपुंजं असलं की ते धागे काढायला लागतात. जांबोटी-कणकुंबीचा पावसाळा म्हणजे नेमकं हेच हवामान, आणि धुतलेल्या कॅनच्या तळाशी राहिलेलं दूधपाणी म्हणजे तसंच तुटपुंजं अन्न. त्यात कॅन वाळतही नाही. सगळे वाण हा नियम पाळत नाहीत, काही उबेतही धागे काढतात, पण कोरडा कॅन कुठल्याच जंतूला मानवत नाही.

टिळकवाडीहून एम.एस्सी.ची विद्यार्थिनी लिहिते : मॅडम, सीएसजीए शुद्ध करून परीक्षानळीत ठेवलं तरी काही तासांत आपोआप तंतू होतात, असं आम्ही शिकलो. मग ते पेशीच्या आत तयार होत असताना तिथेच गोळा होऊन पेशी का मरत नाही? नोट्समध्ये सगळ्या प्रथिनांची यादी आहे, पण एवढी प्रथिनं लागतात कशाला, ते कळत नाही.

तुझा प्रश्न वाचून खूप आनंद झाला. या विषयाचा गाभा तोच आहे आणि पाठ्यपुस्तकं तो यादीत हरवून टाकतात. धागा आपोआप होतो, हे खरं. पण जंतूचं कसब धागा करण्यात नाही. नको तिथे आणि नको तेव्हा तो होऊ न देण्यात आहे. यादीतली बहुतेक प्रथिनं त्यासाठीच आहेत.

आधी परीक्षानळीतलं नीट बघ. शुद्ध सीएसजीए पाण्यात ठेवलं की बराच वेळ काहीच घडत नाही. थायोफ्लेविन-टी (अमायलॉइड धाग्यांना लागला की चमकणारा रंग) घातलं असेल तर ते मंदच राहतं. मग एकदम चमक वाढायला लागते आणि भराभर धागे होतात. सुरुवातीच्या त्या थांबण्याच्या काळात पहिला धागा जमत नसतो. तो जमणं दुर्मीळ आणि अवघड. त्याच नळीत तयार धाग्यांचे बारीक तुकडे टाकले तर थांबण्याचा काळ उरतच नाही. आपण दुधाला विरजण लावतो तसं हे. फरक एवढाच की विरजणात जिवंत जंतू असतात, आणि इथे जातो तो फक्त एक आकार, ज्यावर पुढची साखळी बसू शकते.

म्हणजे ज्याच्या हातात विरजण, त्याच्या हातात धागा कुठे होणार हे ठरवणं. ई. कोलायनं ते विरजण पेशीच्या बाहेरच्या कातडीवर ठेवलं आहे. त्याचं नाव सीएसजीबी. याचा सगळ्यात सुंदर पुरावा 1996 मध्ये हामार, बियान आणि नॉर्मार्क यांनी दिला. एका वाणात सीएसजीबी नव्हतं, तो सीएसजीए सोडायचा पण त्याच्या अंगावर धागे नसायचे. दुसऱ्यात सीएसजीए नव्हतं, सीएसजीबी होतं. त्याच्याही अंगावर धागे नाहीत. दोघांना एकाच थाळीत शेजारीशेजारी वाढवलं, तेव्हा दुसऱ्याच्या अंगावर धागे उगवले. माल शेजाऱ्याचा, धागा याच्या अंगावर. तोही थाळीतल्या आगरमधून, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीतून, पाझरत आलेल्या प्रथिनातून. वर्गात मी हा प्रयोग फळ्यावर काढायची तेव्हा शेवटच्या बाकावरची मुलंही मान वर करायची.

आता वाटेतला बंदोबस्त. ई. कोलायच्या पेशीभोवती आतलं आणि बाहेरचं अशी दोन पटलं, म्हणजे पातळ आवरणं, असतात. सीएसजीए आतल्या पटलातून या दोन पटलांमधल्या जागेत येतं. तिथे गोळा होण्याचा धोका सगळ्यात मोठा, म्हणून तिथे सीएसजीसी आहे. त्याचं प्रमाण नगण्य असलं तरी चालतं. त्याचा एक रेणू सीएसजीएच्या शेकडो रेणूंना धागा होण्यापासून रोखू शकतो. मग बाहेरच्या पटलातलं सीएसजीजी : नऊ सारख्या एककांचं कडं, मध्ये जेमतेम एका नॅनोमीटरची अरुंद वाट. 2014 मध्ये त्याची रचना उलगडली. या वाटेतून घडी झालेलं प्रथिन जाऊच शकत नाही, सैल साखळीच जाते. आतल्या तोंडाशी सीएसजीई साखळीला वाटेला लावतं, बाहेरच्या तोंडाशी सीएसजीएफ असतं आणि ते सीएसजीबीला तिथेच धरून ठेवायला मदत करतं. सगळा कारभार सुरू करायचा की नाही हे सीएसजीडी ठरवतं. आता यादी परत वाच, प्रत्येक नावापुढे 'कुठे' आणि 'केव्हा' असं लिही.

एवढ्यावरही थांबलेलं नाही. सीएसजीएच्या साखळीत जो मजकूर पाच वेळा येतो, त्या पाच आवृत्त्यांपैकी पहिली आणि पाचवी धागा व्हायला उतावीळ, मधल्या तीन मंद. 2010 मध्ये चॅपमन यांच्याच गटानं दाखवलं की मधल्या आवृत्त्यांत ठरावीक जागी अ‍ॅस्पार्टिक आम्ल आणि ग्लायसिन आहेत, ते राखणदारी करतात. ते बदलले तर सीएसजीबी नसतानाही धागे होतात, आणि असं प्रथिन जंतूला घातक ठरतं. मंदपणा हा त्या प्रथिनात मुद्दाम टिकवलेला गुण आहे. उत्क्रांतीनं वेगवान धागा निवडला नाही, आज्ञेत राहणारा निवडला. परीक्षेत कोणी हे विचारणार नाही, पण तू लक्षात ठेव.

आणि एक सावधगिरी. जंतूच्या अंगावर धागा दिसला, त्याला काँगो रेड (अमायलॉइड ओळखायला वापरतात तो लाल रंग) लागला, की लगेच अमायलॉइड म्हणू नकोस. बॅसिलस सबटिलिस या जंतूचं टासए नावाचं प्रथिन 2010 मध्ये अमायलॉइड म्हणून जाहीर झालं. 2022 मध्ये त्याच्या धाग्याची बारीक रचना पाहिली तेव्हा त्यात घडी झालेली एककं निघाली, प्रत्येकानं आपली एक पट्टी शेजाऱ्यात खोवलेली. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूच्या एका छोट्या विषारी पेप्टाइडाचे (आखूड प्रथिनसाखळीचे) धागे तर 2017 मध्ये पट्ट्यांचे नसून मळसूत्रांचे असल्याचं दिसलं. म्हणून शोधनिबंधात 'अमायलॉइडसारखे' असा सांभाळून केलेला उल्लेख असतो, तो पळवाट म्हणून नसतो. रचना बघितल्याशिवाय बोलायचं नाही, ही शिस्त आहे.

निपाणीहून एक ताई लिहितात : माझ्या आईच्या किडनीच्या बायोप्सीत 'अमायलॉइडोसिस' आलंय. रिपोर्टात काँगो रेड पॉझिटिव्ह लिहिलंय. आईनं बरीच वर्षं तंबाखूच्या वखारीत काम केलं. शेजारच्या बायका म्हणतात हे पोटातल्या जंतूंनी होतं, दही-ताक बंद कर, तिचं ताट वेगळं ठेव. तुमचा लेख वाचून भीती वाढली.

ताई, आईचं ताट वेगळं ठेवू नका. एकत्र जेवल्यानं, कपडे धुतल्यानं, जवळ बसल्यानं हा आजार कोणाला होत नाही. भीती माझ्या लेखातल्या वाक्यानं वाढली असेल तर ते वाक्य आता पुरतं सांगते. रचना सारखी, म्हणजे घडण्याची पद्धत सारखी. माल वेगळा. आईच्या किडनीत साचलेले धागे जंतूच्या प्रथिनाचे नाहीत, शरीराच्याच कुठल्या तरी प्रथिनाचे आहेत.

कुठल्या, हेच महत्त्वाचं, आणि डॉक्टरांना तेच विचारा : "प्रकार कोणता, एएल की एए, की आणखी काही?" एएलमध्ये अस्थिमज्जेतल्या पेशी प्रतिपिंडांचे तुकडे प्रमाणाबाहेर तयार करतात आणि त्यांचे धागे होतात, त्यावर रक्ततज्ज्ञांचे उपचार लागतात. एएमध्ये शरीरात कुठे तरी वर्षानुवर्षं दाह चालू असतो आणि यकृतातून येणारं एक प्रथिन साचत जातं. आपल्या देशात त्यामागचं एक मोठं कारण क्षयरोग आहे. संधिवातासारखे जुने आजारही असतात. तिथे मूळ आजारावर उपचार करायचा. दोन्हींचे मार्ग इतके वेगळे आहेत की प्रकार कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आईला पूर्वी लांबलेला खोकला, बारीक ताप, टीबीच्या गोळ्या असं काही झालं असेल तर ते आठवून, जुने कागद शोधून डॉक्टरांना द्या. वखारीतल्या धुळीचा खोकला म्हणून पुष्कळ बायकांचा टीबी अंगावर निघतो. सोबत हृदयाचीही तपासणी झाली आहे का ते विचारा, काही प्रकारांत धागे तिथेही साचतात.

दही-ताकाचं म्हणाल तर जंतूंच्या भीतीनं ते बंद करायला कोणताही आधार नाही. किडनीसाठी मीठ, पाणी, प्रथिनं किती घ्यायची हे किडनीचे डॉक्टर सांगतील, तेवढं पाळा. शेजारणींनी जे ऐकलं असेल त्याचा उगम मला कळतो. 2020 मध्ये उंदरांवरचा एक अभ्यास आला : पार्किन्सनशी जोडलेलं माणसाचं प्रथिन ज्यांच्यात मुद्दाम वाढवलं होतं अशा उंदरांच्या आतड्यात कर्ली करणारे ई. कोलाय सोडले, तर मेंदूतले गोळे आणि हालचालींचा त्रास वाढला. हे महत्त्वाचं संशोधन आहे, पण ते खास तयार केलेल्या उंदरांवरचं, दुसऱ्या आजाराचं आहे. त्यावरून निपाणीतल्या एका आईची ताटवाटी वेगळी करणं हा अन्याय आहे.

आणखी एक गोष्ट मनाला धीर देईल म्हणून सांगते. आपलं शरीर स्वतःही असे धागे कामासाठी करतं. कातडीला रंग देणाऱ्या पेशींत मेलॅनिन ज्या धाग्यांवर तयार होतं ते अमायलॉइड आहेत, हे 2006 मध्ये कळलं. 2009 मध्ये समीर माजी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत पुष्कळ संप्रेरकं अशाच रूपात साठवलेली असतात आणि गरजेला सुटी होतात. माजी आता मुंबईच्या आयआयटीत आहेत. धागा हा मुळातच विष नव्हे. आजार होतो तो बंदोबस्त सुटल्यावर.

गोकाकहून एक शिक्षक विचारतात : वळवाच्या पहिल्या सरीनंतर मातीचा वास येतो, तो जंतूंचा असतो असं मुलांना सांगतो. त्या जंतूंचे असे धागे असतात का?

असतात, सर. तो वास मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जंतूंनी केलेल्या जिओस्मिनचा. हे जंतू ओल्या मातीत बुरशीसारखे फांद्या फुटत वाढतात आणि अन्न संपत आलं की बीजाणू करायला हवेत वर यायला बघतात. एवढ्याशा जिवाला पाण्याचा पापुद्रा फोडणं सोपं नसतं, पृष्ठताण त्याला खाली ओढून ठेवतो. मग तो चॅपलिन नावाची आठ छोटी प्रथिनं सोडतो. पाणी आणि हवेच्या सीमेवर ती आपोआप धाग्यांत रचली जातात, ताण उतरतो आणि शाखा वर येते. त्याच धाग्यांचं आवरण तिच्यावर राहतं, म्हणून बीजाणूंवर पाणी ठरत नाही. 2003 मध्ये हे उलगडलं. क्षयावरचं पहिलं परिणामकारक प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, याच कुळातल्या जंतूपासून 1943 मध्ये मिळालं, तेही मुलांना सांगा.

शहापूरहून एक मिठाईवाले लिहितात : आमच्याकडे पनीर होतं. निवळीचं पाणी गटारात जातं, जीव हळहळतो. त्यातल्या प्रथिनापासून असे धागे करून पाणी गाळायची जाळी करतात असं मुलानं मोबाइलवर दाखवलं. आम्हाला जमेल का?

मुलानं दाखवलं ते खरं आहे. झुरिकमधले रफाएले मेझेंगा यांचा गट हे काम करतो. निवळीत बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नावाचं प्रथिन असतं. ते शुद्ध करून बऱ्यापैकी तीव्र आम्लात नव्वद अंशांच्या आसपास काही तास तापवलं की त्याचे अमायलॉइड धागे होतात. 2016 मध्ये त्यांनी हे धागे सक्रिय कोळशाबरोबर मिसळून गाळणी केली. ती शिसं, पारा यांसारखे जड धातू पाण्यातून पकडते. धातूचे अणू धाग्याच्या पृष्ठभागावर चिकटतात. अमेरिकेत नील जोशी यांच्या गटानं हेच काम जिवंत ई. कोलायकडून करून घेतलं : त्यांनी 2014 मध्ये कर्लीच्या साखळीला हवा तो तुकडा जोडून त्याच्यासकट धागे करवले, आणि पुढे पारा पकडणारे कर्लीही केले. मला या कामाबद्दल फार आशा वाटते.

पण तुमच्या दुकानात जमणार नाही, हे स्पष्ट सांगते. कारण पनीरच्या रीतीतच आहे. आपण दूध उकळून मग फाडतो. उकळताना बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन केसिनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला, चिकटतं आणि पनीरबरोबरच निघून जातं. म्हणून तर पनीर भरपूर उतरतं. तुमच्या निवळीत मुख्यतः साखर आणि क्षार उरतात, प्रथिन थोडंच. न उकळलेल्या दुधाच्या चीजची निवळी असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय आम्लात तासन्‌तास तापवणं हे भट्टीवर करायचं काम नव्हे. तुमची निवळी कणीक भिजवायला, कढीला वापरा, उरलेली ताजी असतानाच गुरांना योग्य प्रमाणात द्या. गटारात मात्र सोडू नका. तिथे ती जंतूंना मेजवानी आहे आणि पुढे ते पाणी नाल्यातून नदीलाच मिळतं.

चिकोडीच्या एका हायस्कूलच्या विज्ञान शिक्षिका विचारतात : नववीच्या मुलांना काँगो रेड वापरून हे धागे दाखवता येतील का?

नको. काँगो रेड 1883 मध्ये सुती कापड रंगवण्यासाठी निघाला, तो बेन्झिडिनपासून होतो, आणि अशा रंगांबद्दल कर्करोगाची शंका आहे. मुलांच्या हातात तो देऊ नये. थाळीत मुद्दाम जंतू वाढवणंही शाळेत नको. शिवाय हा रंग जंतूंनी केलेल्या सेल्युलोजलाही लागतो, त्यामुळे लाल दिसलं तरी सिद्ध काहीच होत नाही. प्रयोगशाळेत रंग लावून ध्रुवित प्रकाशात सफरचंदी हिरवी झाक बघतात. ती अमायलॉइडची खूण 1927 पासून माहीत आहे, पण तिला वेगळा सूक्ष्मदर्शक लागतो.

त्याऐवजी हे करा. काचेच्या सारख्या पट्ट्या दोऱ्यानं शाळेच्या पाण्याच्या टाकीऐवजी वेगळ्या बादलीत, साठवलेल्या पाण्यात आठवडाभर टांगा. बादली झाकलेली, डास होऊ देऊ नका. मग पट्ट्यांचे तीन गट करा : एक नुसता पाण्यानं खळबळलेला, एक साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवलेला, एक ब्रशनं घासलेला. पट्ट्या वाळवून त्यांच्यावर औषधाच्या दुकानातलं जेन्शन व्हायोलेट पातळ करून पाच मिनिटं ठेवा, हलकेच धुवा, पांढऱ्या कागदावर ठेवून जांभळा रंग कुठे किती राहिला ते बघा. हातमोजे तुम्ही घाला आणि रंग तुम्हीच लावा, मुलांनी नोंदी कराव्यात. पट्ट्या शेवटी ब्लीचच्या पाण्यात टाकून द्या. यात कर्ली वेगळे दिसणार नाहीत, सगळा थर मिळून दिसेल, हे मुलांना आधीच सांगा. नोंदी मला पाठवा, आणि पाणी विहिरीचं, बोअरचं की कृष्णेच्या योजनेचं होतं तेही लिहा. खारट बोअरच्या पाण्यात थर कमी येतो की नाही, हे मला मुलांच्या नोंदींतून बघायचं आहे.